अण्णांच्या बंबाचं घड्याळ

आमच्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांची मला भीती वाटते, हे मालकांना अजून कळलेलं नाही. कळलं तर नोकरी जाईल, कारण गिऱ्हाइकांशी बोलणं एवढंच माझं काम आहे.

दुकान फोर्टात, विजेच्या सामानाचं. इस्त्र्या, पंखे, शेगड्या, पाणी तापवायचे बंब. विकणारे पुरुष, घरोघर जाऊन तारा जोडणारे पुरुष, आणि वस्तू वापरायच्या मात्र बायकांनी. वायरमन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरून ओरडून सांगणार, आतल्या बाई दाराआडून ‘हो हो’ म्हणणार, आणि चार दिवसांत वस्तू परत येणार. म्हणून मालकांनी एक मुलगी ठेवायचं ठरवलं. तिला इंग्रजी माहितीपत्रकं वाचता यावीत आणि मराठी घरात आतपर्यंत जाता यावं, एवढीच अट. मी कॉन्व्हेंटात शिकले. घरी मराठी बोलायचं आणि शाळेत इंग्रजी, यामुळे दोन्हीकडे कमी बोलायची सवय लागली. ती मालकांना शालीनता वाटली.

गिऱ्हाइकांच्या गमती सांगा, असं लोक मला नेहमी म्हणतात. एका बाईंनी नव्या इस्त्रीला हळदकुंकू वाहिलं, ते दुसऱ्या दिवशी यजमानांच्या उपरण्यावर उमटलं. एका गृहस्थांच्या मते बटणाची उघडझाप केली की दरवेळी थोडी वीज सांडते, म्हणून त्यांच्याकडे दिवसाही दिवा जळे. लोक हसतात, मला हसू येत नाही. वीज म्हणजे नक्की काय ते मलाही ठाऊक नाही. माहितीपत्रकात आहे तेवढं पाठ आहे.

पण एका घरी जे झालं ते कुठल्याच माहितीपत्रकात नाही. मी ते अनेकदा मनात उलगडून पाहिलं आहे आणि दरवेळी कुठेतरी गुंता राहतो.

ते घर मुरूडजवळच्या एका गावात, आगरदांड्याच्या वाटेवर. समोर समुद्र, मागे नारळ-सुपारीची वाडी. गावात बर्फाचा कारखाना होता. मासळीसाठी रात्रभर इंजिन चाले, आणि कारखान्याचे शेठ त्यातलीच थोडी वीज आसपासच्या बंगल्यांना विकत. दिवेलागणीला वीज यायची, उजाडताना जायची.

घरात तिघंच. अण्णा, म्हणजे कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले घरधनी. त्यांच्या पत्नी माई. आणि सून कुसुम. मुलगा वसंतराव मुंबईत नोकरीला. दादरला दोन खोल्यांचं बिऱ्हाड करून तो एकटाच राहत होता, कारण अण्णा सुनेला पाठवत नव्हते. लग्नाला काही वर्षं झालेली. पावसाळ्यात आगबोट बंद झाली की नवरा-बायकोची चार महिने भेटही नाही.

अण्णांचं म्हणणं एकच. “ती गेली तर माझं पाणी कोण तापवणार?”

हे मला दुकानात सांगितलं तेव्हा थट्टा वाटली. तिथे गेल्यावर कळलं की प्रश्न खरा होता.

त्या घरात सोवळं कडक. माई पहाटे उठून विहिरीवर थंड पाण्यानं अंघोळ करत आणि सोवळ्यात देवाचं पाणी भरत. त्यानंतर त्या कशालाही शिवायच्या नाहीत. अण्णांना गरम पाणी लागे. पूर्वी तांब्याचा बंब होता, तो कुसुमवहिनी आपल्या अंघोळीआधी पेटवत. मग वसंतरावांनी आमच्याकडून विजेचा बंब नेला. भिंतीवर तांब्याची टाकी, एका माणसाच्या अंघोळीपुरती. पाणी भरायचं, पडवीतलं बटण दाबायचं, तापलं की बंद करायचं आणि मगच तोटी उघडायची. हे ‘मगच’ मी प्रत्येक घरी तीन-तीनदा सांगते.

काम सोपं झालं, टाकी माई भरत; पण बटण दाबणार कोण? ते काळं बटण कशाचं असतं, शिंगाचं की हाडाचं, हे कुणी सांगू शकेना. म्हणजे ते ओवळं. देवाचं पाणी अण्णा उठायच्या आत भरायचं, म्हणून माई तोवर सोवळ्यात; त्यांनी त्याला शिवायचं नाही. अण्णा तर उठल्यापासून स्नान होईपर्यंत संध्येच्या तयारीत. गड्याचा हात पाण्याच्या कामी चालत नसे. राहिल्या कुसुमवहिनी. एका बटणापायी ती मुलगी त्या गावात अडकली होती.

तेव्हा वसंतराव पुन्हा दुकानात आले. बटण काढून त्या जागी घड्याळ बसवता येईल का? असं घड्याळ आमच्याकडे होतं. त्याच्या तबकडीवर दोन पितळी खुंट्या असतात. काटा पहिलीशी आला की वीज सुरू, दुसरीशी आला की बंद. आठवड्यातून एकदा चावी दिली की झालं. एक लहान काळी दांडीही असते, हातानं चालू-बंद करायची वेळ आलीच तर.

वसंतरावांनी वडिलांकडून शब्द घेतला होता. आठवडाभर कुणाचा हात न लागता पाणी तापलं, तर कुसुम मुंबईला जाईल. त्यांना रजा मिळेना, म्हणून मालकांनी मला आठवडाभर तिथे राहायला पाठवलं.

घड्याळ बसवायला गावातला गणा मिस्त्री आला. त्याला पडवीच्या मागच्या पायरीपर्यंतच मुभा होती. त्यानं तिथूनच हात लांबवून बटण काढलं, तारा जोडल्या.

“बाय, मुंबैचा माल हाय,” तो म्हणाला, “आता ह्ये बंद पराचं न्हाय. म्हातारा बंद परंल, पन ह्ये न्हाय.”

“मी ऐकतो आहे, गणा,” आतून अण्णा म्हणाले.

“तुमी शंभर वर्सं ऱ्हानार, अन्ना! म्या दुसऱ्या म्हाताऱ्याचं बोललो.”

तो गेल्यावर माईंनी सगळ्या पडवीत गोमूत्र शिंपडलं. घड्याळावर जरा जास्तच. मला काही बोलायचं होतं, पण मी पाहुणी आणि त्या मोठ्या. शब्द जुळेपर्यंत शिंपडून झालं होतं.

अण्णांनी सांगितलं, साडेपाचला सुरू, सहाला बंद. मी बैठकीतल्या त्यांच्या मोठ्या घड्याळाशी आमचं घड्याळ जुळवलं, खुंट्या लावल्या आणि दांडीही सगळ्यांना दाखवली.

पहिल्या सकाळी पाणी गार.

अण्णा पंचा नेसून न्हाणीघरातून तसेच बाहेर आले. ओरडले नाहीत. “कुसुम इथंच राहील,” एवढंच म्हणाले. कुसुमवहिनी वाल सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण सोललेले दाणे सालांच्या ढिगात टाकू लागल्या. मी ते पाहिलं आणि पडवीत जाऊन तबकडी तपासली. घड्याळ बरोबर चाललं होतं. खुंटीशी काटा आला तेव्हा मी स्वतः पडवीत उभी होते, टिक्‌ झालेलं कानांनी ऐकलं होतं.

मग आठवलं, त्याच्या थोडं आधी पडवीतला दिवा गेला होता. मला वाटलं होतं, कुणी मालवला.

“अण्णा,” मी विचारलं, “कारखान्याची वीज किती वाजता जाते?”

“त्यांच्या सहाला.”

“आणि आपल्या?”

“आपल्या कशाच्या? माझ्या घड्याळात तेव्हा साडेपाचही झालेले नसतात. तो कारखाना स्टँडर्ड टाइमवर चालतो. या घरात मुंबई टाइम आहे.”

दोन वेळांचा हा घोळ मुंबईत आम्हाला नवा नाही. आगगाडीचं घड्याळ एक सांगतं आणि गावातलं दुसरं. मध्ये पाऊण तासाहून थोडं कमी अंतर. पण एका न्हाणीघरात दोन वेळा नांदत असतील हे माझ्या ध्यानात आलं नाही.

“म्हणजे आपलं घड्याळ मागे आहे,” मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

“माझं मागे नाही. त्यांचं पुढे आहे. अंगणात जाऊन सूर्याला विचारा तो कुणाच्या बाजूनं आहे ते.”

“मग इतके दिवस पाणी कसं तापायचं?”

यावर कुसुमवहिनी प्रथमच बोलल्या. “मी घड्याळ कुठे बघत होते? उठले की दाबत होते.”

अण्णांचं म्हणणं, आठवडा हुकला तो हुकला. तेवढ्यात देवघरातून माईंचा आवाज आला. “नव्या सुनेचा पहिला भात करपला, तर लगेच तिला माहेरी धाडतात का? आजचा दिवस धरू नये.”

अण्णा काही बोलले नाहीत. त्या घरात न बोलणं म्हणजे होकार असे. मी खुंट्या मागे सरकवल्या.

दुसऱ्या सकाळी पाणी कढत. तिसऱ्या सकाळीही. कुसुमवहिनींनी माळ्यावरची ट्रंक काढून उन्हात ठेवली. कुणी विचारलं तर कसर लागली म्हणत.

मला मात्र चैन पडेना. चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी मी सहज घड्याळापाशी गेले. काटे जिथे होते तिथेच मी ते आदल्या दिवशीही पाहिले होते. कान लावला. टिकटिक नाही. चावी देऊन पाहिली, ती फिरेना. आत खारा वारा गेला होता की गोमूत्र, हे मी आजही सांगू शकत नाही. घड्याळ बंद पडलं होतं.

आणि पाणी तर त्या सकाळीही तापलं होतं.

मी माहितीपत्रक पहिल्या पानापासून पुन्हा वाचलं. घड्याळ थांबलं असता वीज आपोआप सुरू होईल असं त्यात कुठेही नव्हतं. मग माझी नजर कुसुमवहिनींवर गेली. त्यांच्यावाचून हे कोण करणार? मी त्यांना वाडीत गाठलं आणि हळूच विचारलं.

त्यांनी आधी मागे घराकडे पाहिलं. “ताई, मी त्या बाजूला फिरकतसुद्धा नाही. अण्णांनी माझी खाट त्यांच्या खोलीच्या दारातून दिसेल अशी ठेवली आहे. मी उठले तर त्यांना कळतं.” मग घाबरून, “बंद पडलंय? खरंच? आता?”

मी म्हणाले, “पाणी तापतंय ना, मग काळजी करू नका.” हे उत्तर मला स्वतःलाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोवळं सोडल्यावर माईंनी मला मागच्या दारी चहा दिला. पेला देताना त्यांचा हात माझ्या हाताला लागला. बर्फासारखा होता, मार्गशीर्षातली थंडी होती. मी संकोचून वर पाहिलं. वर, आढ्याला टांगलेल्या वलणीवर, माईंची लुगडी वाळत होती. काठीनं वर चढवलेली, कुणी शिवू नये म्हणून. दोन होती. दोन्हींतून पाणी ठिबकत होतं.

आमच्या घरी सोवळं नाही, म्हणून मला समजायला वेळ लागला. ओलं लुगडं एका अंघोळीचं एक. दोन लुगडी म्हणजे दोन अंघोळी. आणि अंघोळ करून सोवळ्यात असलेली बाई पुन्हा विहिरीवर जाते ती एकाच कारणानं: कशाला तरी शिवली म्हणून.

माझी नजर वलणीवरून पडवीतल्या घड्याळाकडे गेली. माई ते पाहत होत्या.

“थांबलंय ना ते?” त्यांनी विचारलं.

“हो. तुम्हाला कधीपासून...”

“तिसऱ्या दिवसापासून. मी देवाचं पाणी आणत होते, रोजचं टिक्‌ झालं नाही. वाट पाहिली. म्हटलं आता हे गार पाण्यानं बाहेर येणार आणि पोरीची ट्रंक परत माळ्यावर जाणार. तू ती दांडी दाखवली होतीस ना, ती खाली केली. थोड्या वेळानं वर.”

“आणि पुन्हा अंघोळ?”

“मग काय? शिवले होते ना.” माई हसल्या. “त्यांना सांगते, विहिरीवर पाय घसरला, चिखल लागला.”

“रोज?”

“त्यांना काय कळतंय! चाळीस वर्षांत माझ्या पायाकडे पाहिलंय कुणी?”

मी म्हणाले, घड्याळ मुंबईला नेऊन दुरुस्त करून आणते.

“ते नेलंस तर कुसुमही राहिली. तिला जाऊ दे. इकडचं मी बघते.”

“पण तुम्हाला रोज दोनदा गार पाण्यानं...”

“सवय आहे मला,” त्या म्हणाल्या आणि माझा रिकामा पेला घेऊन गेल्या.

मी एका बाईची सुटका करायला आले होते, आणि माझ्या हातून दुसरी अडकत होती. बरं, ती स्वतःच अडकत होती आणि मला गप्प राहायला सांगत होती. अण्णांना सांगावं, तर कुसुमवहिनींचं काय? न सांगावं, तर माईंचं? शाळेत आम्हाला शिकवलं होतं की खरं बोललं की सगळं सुटतं. ज्या सिस्टरनी शिकवलं त्यांनी कधी वलणी पाहिली नसावी.

आठवडा संपला त्या सकाळी अण्णा स्नान, संध्या आटोपून ओटीवर आले. मला समोर बोलावलं. कोर्टात साक्षीदाराला विचारावं तसं विचारलं, “बाई, तुमचं यंत्र नीट काम करतं?”

माई दाराआड होत्या. कुसुमवहिनी त्यांच्या मागे.

“पाणी रोज वेळेवर तापलं,” मी म्हणाले, “हे आपण पाहिलंच.”

अण्णांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. शिरस्तेदारीत त्यांनी किती साक्षी ऐकल्या असतील! मग म्हणाले, “बरोबर आहे. तेवढंच ठरलं होतं.”

कुसुमवहिनी माझ्याबरोबरच आगबोटीनं निघाल्या. माईंनी त्यांच्या ओटीत नारळ घातला. आगबोटीपर्यंत नेणारा पडाव किनाऱ्यापासून सुटल्यावर कुसुमवहिनींनी मला विचारलं, “ताई, ते घड्याळ दुरुस्त झालं ना?” मी पाण्याकडे बघत म्हणाले, “माईंनी केलं.” त्यांना ते किती कळलं मला माहीत नाही. आगबोटीत चढताच त्यांना बोट लागली, आणि पुढे बोलणं झालं नाही.

पुढचा पावसाळा उलटून थंडी पडली तेव्हा मुरूडहून आमच्याकडे दोन घड्याळांची मागणी आली. अण्णांनीच शिफारस केली होती. मालक खूश. मी मात्र त्या रात्री जेवले नाही. ती दोन घड्याळं बसवून झाल्यावर मला अण्णांच्या घरी जाणं भाग होतं. न जाणं वाईट दिसलं असतं. शिवाय माईंचा तो गार हात माझ्या मनातून गेला नव्हता. बरोबर तेलाची बाटली, ब्रश आणि चावीची नवी कमान घेतली. कुणाच्या नकळत घड्याळ तिथल्या तिथे चालू करून द्यावं, असा बेत होता.

सकाळीच पोचले. माईंनी चहा आणला. पेला घेताना त्यांचा हात लागला.

ऊन होता.

मला वाटलं पेल्याची ऊब. म्हणून पेला खाली ठेवून मी नमस्काराच्या निमित्तानं त्यांच्या पायांना हात लावला. तेही ऊन होते. केस ओले होते, आणि त्यातून अजून वाफेचा ओला वास येत होता.

मी वलणीकडे पाहिलं. लुगडं एकच होतं.

पलीकडच्या वलणीवर अण्णांचे पंचे होते. दोन. दोन्हींतून पाणी ठिबकत होतं.

मी हिशेब मांडून पाहिला. माई आता आपली अंघोळ अण्णांच्या नंतर ठेवत असणार, आणि ओवळ्यातच दांडी खाली-वर करत असणार. अण्णांचं पाणी तापतं, तेही वीज जायच्या पुष्कळ आधी. अण्णा स्नान करतात. टाकी एका माणसापुरती. ती रिकामी होते. मग सोवळ्यातले अण्णा ती पुन्हा भरतात, पडवीत येतात, आणि ज्या काळ्या दांडीला जन्मात शिवायचे नाहीत तिला शिवतात. कुणासाठी? घरात तिसरं माणूस नाही. आणि मग विहिरीवर जाऊन थंड पाण्यानं पुन्हा स्नान करतात.

हा हिशेब बरोबर असेलही. पण त्यांना कधी कळलं? ओटीवर माझी साक्ष घेतली तेव्हाच कळलेलं होतं का? मग सुनेला जाऊ का दिलं? आणि त्या दोघांत याबद्दल काही बोलणं झालं होतं, की इथेही न बोलणं म्हणजेच होकार? माईंना विचारायचा मला धीर झाला नाही. त्यांनी नुसतं एवढंच सांगितलं, की कुसुमला दिवस गेले आहेत आणि ती बाळंतपणाला इकडे येणार म्हणते.

मी पडवीत गेले. घड्याळाचे काटे त्याच जागी होते. तबकडीवर मिठाचा पातळ थर चढला होता. दांडी तेवढी वापरून गुळगुळीत, चकचकीत झाली होती. मी झाकणाची काच उघडली आणि पिशवीतून ब्रश काढला.

“काय करता, बाई?” मागून आवाज आला. अण्णा उभे होते. कोरडा पंचा नेसलेले, पण केस ओलेचिंब, आणि थंडीनं ओठ किंचित निळे.

“जरा साफ करते,” मी म्हणाले. “तेलपाणी करावं लागतं. म्हणजे पुन्हा...”

“उत्तम चाललंय ते,” अण्णा म्हणाले. “चालत्या घड्याळाला उगाच हात लावू नये.”

आतून माई म्हणाल्या, “हो गं पोरी, राहू दे.”

मी काच लावून टाकली.